सही करण्याआधी विचारा : ऑपरेशनचे संमतीपत्र आता टॅबवर



ऊस कारखान्याला गेला, रब्बीची ज्वारी घरात आली, की खेडोपाडी आणखी एक हंगाम सुरू होतो. तो म्हणजे लांबणीवर टाकलेल्या ऑपरेशनांचा. कोणाचा हर्निया, कोणाचा मोतीबिंदू, कोणाचा मुतखडा, तर कोणाची गर्भपिशवी. “एवढी सुगी होऊ द्या, मग बघू” असे म्हणून वर्षभर दाबून ठेवलेले दुखणे घेऊन माणसे तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या गावी जातात. म्हणून या आठवड्यात पिकाचा विषय बाजूला ठेवून दवाखान्यातल्या एका कागदाविषयी लिहीत आहे. हा कागद म्हणजे संमतीपत्र होय.

हा कागद आता बऱ्याच मोठ्या दवाखान्यांत कागद राहिलेला नाही. परिचारिका हातात पाटीएवढा टॅब घेऊन येते, काचेवर मजकूर असतो, आणि “आजी, इथं बोटानं सही करा” असे म्हणते. काही ठिकाणी मोबाईलवर एक दुवा येतो व ओटीपी सांगितला की संमती नोंदली जाते. काचेवर ओढलेल्या रेघोटीला सही म्हणायचे का, ती कोर्टात टिकते का, आणि टॅबवर सही करायची नसेल तर काय, असे वाचकांनी पत्रांतून विचारले आहे. त्याचा क्रमाने विचार करू.

हे यंत्र काम कसे करते?

अशा संगणकप्रणालीत प्रत्येक ऑपरेशनचा मसुदा डॉक्टरांनी आधीच तयार करून ठेवलेला असतो. रुग्णाचे नाव, वय, नोंदणी क्रमांक दवाखान्याच्या नोंदीतून आपोआप येतात. डॉक्टर ऑपरेशनचे नाव, शरीराची बाजू (डावी की उजवी), भुलेचा प्रकार व संभाव्य धोके निवडतात. जेथे सोय आहे तेथे भाषा निवडता येते, चित्रही दाखवता येते. मग रुग्णाची, डॉक्टरांची आणि साक्षीदाराची सही होते. प्रत्येक सहीपुढे तारीख व वेळ उमटते आणि दस्त बंद होतो. चांगल्या प्रणालीत नंतर एखादा शब्द बदलला, तर कोणी, केव्हा बदलला याची नोंद राहते.

याचे फायदे खरे आहेत. डॉक्टरांचे अक्षर लागत नाही ही तक्रार संपते. कागद गहाळ होत नाही. रकाना रिकामा असेल तर चांगली प्रणाली पुढे सरकूच देत नाही. पूर्वी कोऱ्या छापील फॉर्मवर सही घेऊन मजकूर मागाहून भरण्याची जी वाईट पद्धत होती, तिला त्यामुळे आळा बसतो. कोऱ्या स्टँपवर अंगठा देऊन जमीन गेलेली घराणी आपल्याकडे आहेत. त्यांना याचे मोल वेगळे सांगायला नको. शिवाय दुवा चार दिवस आधी आला, तर घरी बसून, लिहिता-वाचता येणाऱ्या मुलीकडून सारा मजकूर वाचून घेता येतो.

पण अवजार कितीही चांगले असले तरी ते चालवणाऱ्यावर पीक अवलंबून असते. काचेवरचा मजकूर बोटाने सर्रकन वर सरकवता येतो. दहा पाने दहा सेकंदांत संपतात आणि शेवटी चौकट येते, “मी वाचले, मला समजले.” यंत्राच्या लेखी तुम्ही वाचलेले असते.

काचेवरची सही खरी का?

“काचेवरची सही, तिला काय अर्थ!” असे समजून कोणी चालू नये. २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने संगणकातील नोंदीला मान्यता दिलेली आहे. तलाठ्याच्या शाईशिवाय निघणारा डिजिटल सहीचा सातबारा आपण बँकेत देतोच की! आधार क्रमांक आणि ओटीपी यांवरून होणारी ई-सही कायद्याने मान्य आहे. नुसती बोटाने ओढलेली सही त्याहून कच्ची धरली, तरी नाव, वेळ व साक्षीदार यांच्या नोंदीसह ती पुरावा म्हणून पुढे येऊ शकते. तेव्हा कागदावर सही करताना जेवढी काळजी, तेवढीच काचेवर घ्यावी.

ज्यांना सही येत नाही त्यांनी काचेवर नुसती रेघ ओढू नये. कागदी फॉर्म मागावा, मजकूर आपल्या भाषेत वाचून घ्यावा, मग अंगठा द्यावा, आणि वाचून दाखवणाऱ्याचे नाव व साक्षीदाराची सही त्यावर घ्यावी. टॅबवर करायचे मन नसेल तर “मला कागदावर द्या” असे सरळ म्हणावे. त्यात लाज वाटण्याचे कारण नाही. वीज गेली वा यंत्र बंद पडले की दवाखान्यालाही कागदच काढावा लागतो.

सही कोणाची?

या विषयाचा खरा गाभा येथे आहे. वयाची १८ वर्षे पूर्ण झालेल्या, शुद्धीवर असलेल्या, समजउमज असलेल्या माणसाची संमती त्याने स्वतः द्यायची असते. आपल्याकडे मात्र बाई खाटेवर असते आणि सही नवरा, दीर किंवा मुलगा करतो. घरात विचारविनिमय जरूर व्हावा. पण शरीर जिचे, हात तिचा. कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनलाही नवऱ्याची सही कायद्याने आवश्यक नाही.

दिल्लीतील एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ रोजी दिलेला निकाल प्रत्येक घराला ठाऊक असावा असा आहे. १९९५ साली एक ४४ वर्षांची अविवाहित स्त्री जास्त रक्तस्रावाच्या तक्रारीसाठी गेली. दुर्बिणीने तपासणी करण्यास तिने संमती दिली. ती भुलेखाली असताना बाहेर बसलेल्या तिच्या आईची संमती घेऊन गर्भपिशवी व अंडाशये काढण्यात आली. न्यायालयाने सांगितले की तपासणीची संमती म्हणजे ऑपरेशनची संमती नव्हे. सज्ञान रुग्ण तात्पुरती बेशुद्ध आहे म्हणून तिच्याऐवजी आईची संमती चालत नाही. ती शुद्धीवर येईपर्यंत थांबायला हवे होते. अपवाद एकच : थांबल्यास जिवाला धोका असेल तर. डॉक्टरांचा हेतू वाईट नव्हता, तरीही हे ऑपरेशन संमतीविना झालेले ठरले आणि भरपाई द्यावी लागली.

आता टॅबचा संबंध पाहा. मसुदा आधीच तयार असल्याने त्यात “आवश्यक वाटल्यास इतर कोणतीही शस्त्रक्रिया” असे एक सरसकट वाक्य असू शकते. ते दिसल्यास थांबून विचारावे : “इतर म्हणजे कोणती? माझ्या बाबतीत काय काय निघू शकतं?” उत्तर मिळाले की तेच नाव फॉर्ममध्ये लिहून घ्यावे.

हे काही दूरच्या शहरातले प्रकरण नव्हे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भपिशव्या मोठ्या संख्येने काढल्या गेल्याचे २०१९ साली उघड झाले. राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी झालेल्या सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली. खाडा पडला की मजुरी बुडते, पाळीत फडात काम होत नाही, आणि “पिशवी काढली की कटकट गेली” असे कोणीतरी सांगते. गोळ्या-औषधांनी भागले असते का, अंडाशये राहणार की जाणार, हे त्यांतल्या किती जणींना बसवून सांगितले गेले असेल? तरुण वयात अंडाशये गेली की पाळी कायमची थांबते आणि हाडे लवकर ठिसूळ होऊ लागतात. कोयता चालवणाऱ्या बाईला ही गोष्ट सहीच्या आधी कळायला नको काय?

एका टॅबवर तीन संमत्या

टॅबवर एकापाठोपाठ चौकटी येतात व आपण सगळ्यांवर खूण करत जातो. त्या एकाच गोष्टीच्या नसतात, हे ध्यानात घ्यावे.

पहिली संमती उपचाराची : ऑपरेशन, भूल, रक्त देणे. भुलेची संमती बहुधा वेगळी असते, आणि असावीही.

दुसरी संमती माहितीची : तुमचे रिपोर्ट कोणाला दाखवायचे याची. १४ अंकी आभा क्रमांक काढून नोंदी जोडण्याची विचारणा येथेच होते. हा क्रमांक ऐच्छिक आहे. आणि त्यावरून माहिती दाखवण्यास दिलेली संमती मागे घेता येते. २०२३ सालच्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अशी सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषांत, म्हणजे मराठीतही, मिळण्याची तरतूद आहे.

तिसरी संमती पैशाची : खोलीचा दर, जादा साहित्याचा खर्च. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून ऑपरेशन असेल, तर या चौकटीवर खूण करण्याआधी दवाखान्यातील आरोग्यमित्राला दाखवावे.

ओटीपीबाबतही हेच. आलेला संदेश पूर्ण वाचावा आणि हा आकडा कशासाठी, हे विचारूनच सांगावा. “बाई, आकडा आलाय बघा, सांगा लवकर” असे कोणी म्हटले, तर “आधी सांगा, कशाचा?” असे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे. दवाखान्यात मोबाईल क्रमांकही शक्यतो रुग्णाचाच द्यावा. शेजाऱ्याचा दिला तर संमती त्याच्या खिशात जाते.

सहीपूर्वी विचारायचे प्रश्न

फवारणीच्या औषधाच्या डब्यावरचा त्रिकोण लाल की हिरवा हे पाहिल्याखेरीज शहाणा शेतकरी झाकण उघडत नाही. तसेच हे प्रश्न आहेत. डॉक्टरांपुढे घाबरायला होते, म्हणून ते वहीत लिहून न्यावेत.

१. मला नेमके काय झाले आहे?
२. कोणते ऑपरेशन, शरीराच्या कोणत्या बाजूला, आणि काय काढणार?
३. दुसरा उपचार आहे का? काही महिने थांबले तर काय होईल?
४. धोके कोणते, आणि माझे वय, मधुमेह, रक्तदाब पाहता ते वाढतात का?
५. भूल कोणती, व ती देणारे डॉक्टर कोण?
६. ऑपरेशन कोण करणार?
७. किती दिवस काम करता येणार नाही, वजन कधी उचलता येईल?

शेवटचा प्रश्न शेतकऱ्याने कधीही चुकवू नये. हर्नियाच्या ऑपरेशननंतर लगेच खताचे पोते उचलले, तर टाके व पैसा दोन्ही वाया जाण्याची वेळ येते.

नाव, बाजू व ऑपरेशन पुन्हा पुन्हा विचारले म्हणून चिडू नये. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली ऑपरेशनच्या सुरक्षिततेसाठी १९ मुद्द्यांची यादी तयार केली. तिची सुरुवातच भूल देण्यापूर्वी रुग्णाची ओळख, जागा, ऑपरेशन व संमती यांची खात्री करण्यापासून होते. विचारणारा दवाखाना चांगला समजावा.

आणखी चार गोष्टी

सही केली म्हणजे हात कापून दिले असे नाही. ऑपरेशन सुरू होईपर्यंत केव्हाही “नको” म्हणता येते, आणि टॅबवर तशी नोंद करायला सांगता येते. संमती दिली म्हणून डॉक्टरांच्या निष्काळजीपणाला माफी मिळते, असेही नाही.

याउलट, संमतीसाठी अडून जीव जाऊ देऊ नये. अपघातात सापडलेल्या माणसाला तातडीची मदत देणे हे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच सांगितले आहे. बेशुद्ध रुग्णाचा प्राण वाचवण्यासाठी सहीची वाट पाहावी लागत नाही.

सहीनंतर प्रत मागावी. मोबाईलवर किंवा छापून. रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने मागणी केल्यास उपचाराची कागदपत्रे ७२ तासांत द्यावीत, असा वैद्यकीय परिषदेच्या २००२ सालच्या विनियमांत नियम आहे. मागणी लेखी करावी. मिळालेली प्रत रेशनकार्ड व सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवावी. पुढच्या दुखण्यात दुसऱ्या डॉक्टरांना ती फार उपयोगी पडते.

आणि डॉक्टरांवर उगाच संशय घेऊ नये. दिवसाला पन्नास रुग्ण पाहणाऱ्या डॉक्टरांना वेळ कमी असतो. आपण प्रश्न लिहून नेले तर त्यांचेही काम सोपे होते. टॅब त्यांचा वेळ वाचवण्यासाठी आला आहे. त्या वाचलेल्या वेळातली पाच मिनिटे आपल्याशी बोलण्यासाठी मागावीत, एवढेच.

हे पान घरातील सर्वांना, विशेषतः सासू-सुनांना, एकदा वाचून दाखवावे. ऑपरेशन पुढच्या हंगामात असले, तरी प्रश्नांची वही आजच करता येते.

(पुढील अंकात : कणगीतील ज्वारीला लागणारे सोंडकिडे व त्यांचा बंदोबस्त)