विग्रह

आपल्या मराठीत वेडाला शब्दांची ददात कधीच नव्हती. खुळा, भ्रमिष्ट, चक्रम, चळलेला. आणि माणूस घरचाच असला, तर 'डोक्यावर परिणाम झालाय'. माझ्या धाकट्या भावाबद्दल आमच्याकडे हेच दबक्या आवाजात बोलले जाई.

एके दिवशी त्याने माझ्यापुढे डॉक्टरांचा कागद धरला. "दादा, तू मराठीचा मास्तर ना? छिन्नमनस्कता म्हणजे काय रे?"

मी पडलो मास्तरच! विग्रह करून मोकळा झालो : छिन्न आहे मन ज्याचे तो. त्याने कागदाची घडी घातली. दोन दिवस तो जेवला नाही.

पुढे वाचले तेव्हा उमगले, की हे 'स्किझोफ्रेनिया'चे शब्दशः भाषांतर. ते ग्रीक नाव ब्लॉयलर या स्विस डॉक्टरांनी १९०८ साली घडवले. विचार आणि भावना यांचा सुटलेला मेळ त्यांना अभिप्रेत होता. एका देहात दोन माणसे नव्हेत. जपानीतही नावाचा अर्थ 'मन दुभंगण्याचा रोग' असाच होता. डॉक्टर ते रुग्णापाशी उच्चारायला कचरत. रुग्णांच्या कुटुंबीयांच्या संघटनेने १९९३ साली तक्रार केली, २००२ साली नाव बदलले. नवा अर्थ 'मेळ बिघडण्याचा विकार'. तीन वर्षांत आजाराचे नाव सांगितले जाणाऱ्या रुग्णांचे प्रमाण सुमारे ३७ टक्क्यांवरून ७० वर गेले. आजार तोच, बरे का!

परवा चहा घेताना ही हकीकत भावाला सांगितली. तो बराच वेळ बशीकडे पाहत राहिला.

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस असं?"

मी गोळ्यांची डबी त्याच्यापुढे सरकवली.