वाचले, पण उमगले काय?



गेल्या पावसाळ्यात एक विधवा माता आपल्या आठवीतील मुलास घेऊन आमच्या कचेरीत आली. तिच्या हाती फेरफाराची नोटीस होती. पतीच्या पश्चात जमिनीवर तिचे व मुलाचे नाव लागावयास हवे होते. नोटिशीत मात्र एका नातलगाचेच नाव होते. आम्ही मुलास ती वाचावयास सांगितली. एकाही जोडाक्षराशी न अडखळता त्याने ती एका दमात वाचली. “बाळ, हरकत घेण्यास किती दिवसांची मुदत दिली आहे?” असे विचारताच तो खाली पाहू लागला. मुदत १५ दिवसांची होती आणि ती उलटून चार दिवस झाले होते. माता म्हणाली, “वकीलसाहेब, नोटीस आली त्याच दिवशी यानं घरात वाचून दाखवली होती.”

अपिलाचा मार्ग अद्याप खुला आहे व ते आम्ही दाखलही केले आहे. परंतु जे काम एका साध्या अर्जाने झाले असते, त्यासाठी आता त्या माउलीस मजुरी बुडवून तारखांना खेटे घालावे लागत आहेत. त्या घरात अक्षरओळख नव्हती असे नव्हे. अक्षर होते, अर्थ नव्हता. म्हणूनच आज आम्ही या विषयाकडे आपले लक्ष वेधीत आहोत.

२००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने ६ ते १४ वर्षांच्या बालकांचा शिक्षणाचा हक्क मूलभूत ठरला आणि २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. मुले शाळेत गेली, ही लहान गोष्ट नव्हे. परंतु ‘असर’च्या २०२२ च्या अहवालानुसार ग्रामीण भारतात पाचवीच्या शंभर मुलांपैकी सुमारे ४३ मुलांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. ही परीक्षाही मुख्यत्वे मोठ्याने वाचून दाखविण्याची होती. वाचलेले किती जणांना उमगले, हा प्रश्न त्यापुढचाच आहे.

याचा दोष शाळेच्या माथी मारून आपणांस मोकळे होता येणार नाही. “आम्ही अडाणी, आम्ही मुलांस काय शिकविणार?” असे अनेक मातापिता म्हणतात. हा गैरसमज आहे. १९८६ साली गॉफ व टनमर या अभ्यासकांनी वाचनाचे एक साधे सूत्र मांडले. अक्षरे ओळखून शब्द वाचण्याची शक्ती आणि भाषा समजण्याची शक्ती, या दोहोंचा गुणाकार म्हणजे वाचनाचे आकलन. गुणाकार असल्यामुळे दोहोंपैकी एक शून्य झाली की उत्तरही शून्यच. पहिली शक्ती शाळेने द्यावयाची आहे. दुसरी मात्र घरातील बोलण्याचालण्यात वाढते. जी आई पीकपाण्याविषयी, बाजारहाटाविषयी, आजीच्या जुन्या दिवसांविषयी मुलाशी बोलते, ती त्याला वाचायलाच शिकवीत असते, मग तिला स्वतःला एक अक्षरही येत नसो.

यासाठी रोज अर्धा तास पुरे. तेवढा वेळ दूरदर्शन संच व मोबाईल बंद ठेवावेत. मुलाने एक परिच्छेद वाचावा, पुस्तक मिटावे आणि काय वाचले ते आपल्या शब्दांत सांगावे. ते घरच्या बोलीतच सांगू द्यावे. वऱ्हाडी असो, अहिराणी असो, तेथे शुद्धाशुद्धाची छडी उगारू नये. मूल इंग्रजी शाळेत जात असेल तर त्याने धडा मराठीतून समजावून सांगावा. जे समजले आहे तेच सांगता येते. मग विचारावे: कोण? कोठे? केव्हा? आणि मुख्य म्हणजे, का? उत्तर मिळाले की आणखी एक प्रश्न करावा: “हे तुला कशावरून कळले?” मुलाने ती ओळ बोट ठेवून दाखवावी. न्यायालयात आम्हांस पुराव्यावाचून बोलता येत नाही. ही सवय घरातच लागलेली बरी.

शब्द अडला तर आधी मागच्यापुढच्या वाक्यांवरून अर्थ ताडू द्यावा, मग शब्दकोश पाहावा. एका पानात पाचाहून अधिक शब्द अडत असतील तर पुस्तक त्या मुलाला जड आहे. त्यात कमीपणा न मानता सोपे पुस्तक द्यावे. पुस्तकाचीच वाट पाहावी असेही नाही. वीजबिल, औषधाची चिठ्ठी, शिधापत्रिका, खताची गोणी हेही धडेच आहेत. बिल भरण्याची अखेरची तारीख कोणती? गोळी जेवणाआधी की नंतर? असे विचारून पाहा. एका खोलीच्या संसारात निवांतपणा नसेल, तर विहारात वा समाजमंदिरात सायंकाळी मुलांनी एकत्र बसावे. मोठ्यांनी धाकट्यांचे ऐकावे. आणि मुलीस पाण्याला पाठवून मुलास पुस्तक देणे हा अन्याय तरी आपल्या घरात होऊ नये.

मुलाच्या प्रश्नाने चिडू नये. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत आपल्या घरची एक आठवण नमूद केली आहे. सुभेदार रामजी मुलांकडून रामायण-महाभारत वाचवून घेत. केळुस्करांचे बुद्धचरित्र वाचल्यावर बाळ भीमरावाने वडिलांस विचारले की, ज्या ग्रंथांत शूद्रांची व अस्पृश्यांची हीनता सांगितली आहे, ते आम्ही का वाचावे? वडिलांनी प्रथम त्याला गप्प केले. पण काही काळाने मुलाने तोच प्रश्न पुन्हा केला, तेव्हा सुभेदार उत्तराची तयारी करून बसले होते. न्यूनगंड जावा म्हणून हे वाचन, असे सांगून त्यांनी द्रोण, कर्ण व वाल्मीकी यांचे दाखले दिले. त्या उत्तराने मुलाचे समाधान झाले नाही. परंतु ग्रंथाशी वाद घालणारे वाचन त्या घरात घडले आणि करड्या शिस्तीच्या पित्यालाही मुलाच्या प्रश्नासाठी विचार करावा लागला, हे आपण ध्यानी घ्यावे.

बालकास शिक्षणाची संधी देणे हे पालकाचे कर्तव्य म्हणून त्याच ८६ व्या दुरुस्तीने घटनेच्या कलम ५१-क मध्ये नोंदविले आहे. शाळेत नाव घातल्याने ते पुरे होत नाही. आमच्या पूर्वजांना अक्षरच नाकारले गेले, म्हणून त्यांचे अंगठे कोऱ्या कागदावर उठले. आजच्या मुलाने न समजलेल्या कागदावर सुरेख सही केली, तर फरक तो काय पडला? तेव्हा वाचकहो, आज रात्री मूल धडा वाचू लागले की “छान वाचलेस” एवढ्यावर थांबू नका. त्याच्याजवळ बसा आणि विचारा, “बरं, यात काय सांगितलं आहे?”