सुपर सैयान व्हायच्या आधीचे दिवस

बोदलकसाचा तलाव असो की तुमच्या गावाबाहेरचा डांबरी रस्ता, पहाटे पाच वाजता भरतीची तयारी करणारी पोरंपोरी धावताना दिसणारच. ऑगस्ट २०२५ मध्ये राज्यात सुमारे १५ हजार पोलीस पदांच्या भरतीला मंत्रिमंडळाने मंजुरी दिली आणि या रस्त्यांवरची गर्दी वाढली. पुढच्याच महिन्यात ‘डेमन स्लेअर : इन्फिनिटी कॅसल’ हा जपानी सिनेमा हिंदीतही लागला आणि अ‍ॅनिमे आता फक्त मोबाईलपुरतं राहिलेलं नाही, हे सगळ्यांना दिसलं. या दोन बातम्यांचा एकमेकींशी काय संबंध? तुमचा फोन उघडा. गोकू ओरडतोय, केस सोनेरी होतायत, मागे दणदणीत संगीत आणि खाली लिहिलंय, ‘बीस्ट मोड ऑन’. धावायला निघण्याआधी हीच रील किती जण बघतात, हे तुम्हालाच ठाऊक!

बघायला हरकत काहीच नाही. गडबड एवढीच, की रीलमध्ये फक्त शेवट असतो.

‘ड्रॅगन बॉल झी’मधली सगळ्यांची लाडकी फाइट घ्या, गोकू विरुद्ध फ्रीझा. १९९१ मध्ये जपानच्या टीव्हीवर गोकू पहिल्यांदा सुपर सैयान झाला. डोळ्यांदेखत जिवलग मित्र क्रिलिन मारला गेला, गोकूचा बांध फुटला आणि केस सोनेरी झाले. मूळ चित्रकथा काढणारे अकिरा तोरियामा (मार्च २०२४ मध्ये ते गेले) यांनी या सोनेरी केसांचं एक साधं कारणही सांगितलं होतं : कृष्णधवल पानावर केस काळ्या शाईने भरायचा सहायकाचा वेळ वाचत होता. पण रीलमध्ये काय दिसत नाही? यानात शंभरपट गुरुत्वाकर्षणात केलेला सराव, मार खाणं, मरता मरता वाचणं. राग ही ठिणगी होती, पण सरपण आधीच रचून ठेवलेलं होतं.

त्याआधीची वेजिटाबरोबरची फाइट आठवते? गोकूकडे तेव्हा ‘कायोकेन’ होतं, म्हणजे ताकद काही क्षणांसाठी दुप्पट-तिप्पट करायची युक्ती. गुरूने बजावलं होतं, दुपटीच्या पुढे जाऊ नकोस. पठ्ठ्या चौपटीपर्यंत गेला. त्या क्षणी वरचढ ठरला खरा, पण नंतर त्याला धड हलताही येईना. लढाई बाकीच्यांनाच निभावून न्यावी लागली.

आता भरतीच्या मैदानावर या. शारीरिक चाचणी ५० गुणांची. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. त्यातून पुढे गेलं तर १०० गुणांची लेखी. एका सेकंदाने गुण जातात, मग काही जण ‘कायोकेन’ शोधतात. २०२४ च्या भरतीत मैदानावर उत्तेजक औषधांच्या आणि इंजेक्शनांच्या बातम्या आल्या, धावताना कोसळलेल्या उमेदवारांच्याही आल्या. कोसळणारा प्रत्येक जण औषध घेतलेला असतो असं अजिबात नाही. ऊन असतं, रात्रीचा प्रवास असतो, उपाशी पोट असतं. पण ‘आज काहीही करून मोड ऑन झालाच पाहिजे’ हा दबाव सगळ्यांवर सारखाच असतो. वर घरच्यांच्या अपेक्षा आणि वयोमर्यादेचं घड्याळ.

म्हणूनच माझ्या यादीत पहिली येते ती सेलबरोबरची लढाई. तिथे ट्रंक्स अंग फुगवतो, दंड दुप्पट करतो आणि हरतो. ताकद वाढली, पण चपळाई गेली. गोकूलाही हा प्रकार माहीत असतो, पण तो नाकारतो. तो आणि त्याचा मुलगा गोहान एक वेगळीच गोष्ट करतात. सुपर सैयान होऊन तसेच राहतात. जेवताना, झोपताना, घरात वावरताना. जे रूप आणायला आधी आरडाओरडा लागायचा, ते अंगवळणी पाडतात. आणि लढाईला दिवस उरलेले असूनही सरावाच्या खोलीतून लवकर बाहेर पडतात. शरीराला विश्रांती हवी, हे गोकू चक्क बोलून दाखवतो.

पुढे गोहान आणखी वरच्या रूपात जातो. सेलपेक्षा कितीतरी ताकदवान होतो आणि तिथेच फसतो. संपवायच्या वेळी शत्रूला खेळवत बसतो, सेल स्वतःला उडवून द्यायला निघतो आणि सगळ्यांना वाचवताना गोकूचा जीव जातो. म्हणजे ट्रान्सफॉर्मेशन झालं की गोष्ट संपली, असं ही मालिकाही म्हणत नाही. आणि त्याच लढाईत पिकोलो गोकूला सुनावतो, की तू ज्याला पुढे ढकललंस ते एक लहान पोर आहे, त्याच्या मनात काय चाललंय हे कधी विचारलंस? ‘आमचा मुलगा यंदा लागणारच’ असं गावभर सांगणाऱ्या प्रत्येक घरात हा सीन एकदा लावायला हवा.

तेव्हा रील बघा, खुशाल बघा. पण धावून आल्यावर आजची वेळ वहीत लिहा. महिनाभराने मागची पानं उलटली, की केस सोनेरी न होताही काय बदललं ते आकड्यांत दिसेल. कुणी मैदानाबाहेर ‘एकच डोस, काही होत नाही’ म्हणालं, तर चौपट कायोकेननंतर जमिनीवर पडलेला गोकू आठवा. आणि उद्या पिंढऱ्या भरून आल्या असतील तर एक दिवस झोपा. सेलशी लढण्याआधी गोकूही झोपला होता.