विश्लेषण : साडेतीन लाखांचा हेडफोन चष्म्याच्या काडीपुढे का हरतो?

सॅमसंगच्या मालकीच्या हर्मन कंपनीने सप्टेंबर २०२५ मध्ये ‘साउंड युनायटेड’ची खरेदी पूर्ण केली. मासिमो या वैद्यकीय उपकरणं बनवणाऱ्या कंपनीकडून ३५ कोटी डॉलरला झालेल्या या व्यवहारात बॉवर्स अँड विल्किन्स, डेनॉन, मरांट्झ, पोल्क असे नामवंत ब्रँड हर्मनकडे आले. जेबीएल आणि एकेजी तिथे आधीपासून होतेच. त्याआधी २०२३ मध्ये सोनीने अमेरिकेतली ‘ऑडिझी’ विकत घेतली आणि २०२२ मध्ये सेनहायझरचा ग्राहकांसाठीच्या हेडफोनचा व्यवसाय स्वित्झर्लंडच्या सोनोव्हाकडे गेला. सोनोव्हा मूळची श्रवणयंत्रं बनवणारी कंपनी.

महागड्या हेडफोनचा बाजार तसा लहान. तरीही मोठ्या कंपन्या त्यात पैसे घालत आहेत, आणि दुसरीकडे यूट्यूब-इन्स्टाग्रामवर ‘कोणता हेडफोन भारी’ या तुलनांचा पूर आला आहे. त्यातही वाद रंगतो तो क्लोज्ड-बॅक, म्हणजे पाठीमागून बंद असलेल्या हेडफोनवर. दीड लाख, अडीच लाख, साडेतीन लाख अशा किमती सांगितल्या जातात, आलेख दाखवले जातात, आवाजाला गुण दिले जातात. ‘आराम’ हा मुद्दा मात्र शेवटच्या अर्ध्या मिनिटात उरकला जातो. घोळ नेमका इथेच आहे. बंद हेडफोनमध्ये आवाज आणि आराम या दोन वेगळ्या गोष्टी नसतातच.

पाठ बंद असली की नेमकं काय होतं?

हेडफोनमधला ड्रायव्हर, म्हणजे आवाज निर्माण करणारा थरथरणारा पडदा, कानाकडे जेवढा आवाज फेकतो जवळपास तेवढाच पाठीमागेही फेकतो. ओपन-बॅक हेडफोनला मागे जाळी असते, त्यामुळे हा मागचा आवाज खोलीत निघून जातो. बंद हेडफोनमध्ये त्याला जायला वाट नसते. तो कपाच्या आतल्या भिंतीवर आपटून परत येतो, पुढच्या आवाजात मिसळतो आणि काही सूर फुगवतो, काही खाऊन टाकतो. रिकाम्या टाकीत तोंड घालून बोलल्यावर आवाज घुमतो, तसाच हा प्रकार.

महागड्या क्लोज्ड-बॅकची किंमत मोठ्या प्रमाणात या परतणाऱ्या आवाजाला आवरण्यासाठी मोजली जाते. सेनहायझरने २०१८ मध्ये आलेल्या एचडी ८२० मध्ये ड्रायव्हरमागे वक्र काच बसवली. आवाज काचेवरून परावर्तित होऊन कडेच्या शोषक कप्प्यांत जावा, ही त्यामागची कल्पना. डेनॉनने एएच-डी९२०० चे कप जपानी बांबूपासून बनवले. अमेरिकेच्या सॅन दिएगोमधल्या डॅन क्लार्क ऑडिओने २०२१ च्या ‘स्टेल्थ’मध्ये ड्रायव्हर आणि कान यांच्यामध्ये बारीक पोकळ्यांची एक जाळीदार रचना ठेवली. कपात अडकून घुमणाऱ्या उंच सुरांना ती शोषून घेते. फ्रान्सच्या फोकालने ‘स्टेलिया’मध्ये बेरिलियम या अतिशय हलक्या आणि कडक धातूचा पडदा वापरला.

हे सगळं असताना ओपन-बॅकच का घेऊ नये? कारण ओपन-बॅकमधलं गाणं शेजारी बसलेल्यालाही ऐकू जातं आणि घरातला सगळा गोंगाट आत येतो. वन रूम किचनमध्ये, कुकरच्या शिट्ट्या आणि शेजारच्या मालिकेच्या आवाजात ओपन-बॅक हेडफोन म्हणजे बहुतेक वेळा कपाटात ठेवायची वस्तू.

सगळा खेळ हवाबंद असण्याचा

बंद हेडफोनचा बेस, म्हणजे खालचे खर्जातले सूर, कान आणि कप यांच्यात अडकलेल्या हवेच्या दाबावर अवलंबून असतात. इअरपॅड कानाभोवती नीट चिकटला तर दाब टिकतो. कुठे फट राहिली तर सगळ्यात आधी बेस निसटतो. फट फार मोठी असायची गरज नाही. चष्म्याची काडी, कानामागचे दाट केस, जबड्याच्या हाडाखालचा खोलगट भाग एवढंही पुरतं.

तबल्याचं उदाहरण घेता येईल. गळती असलेल्या हेडफोनमध्ये उजव्या हाताच्या चाटीचा टणत्कार स्वच्छ येतो, पण डग्ग्याचा घुमार गायब होतो. ऐकणाऱ्याला वाटतं, हेडफोनच ‘पातळ’ आहे. त्याच हेडफोनची पकड ज्याच्या डोक्यावर घट्ट बसते, तो माणूस मात्र ‘बेस जबरदस्त आहे’ असं लिहून मोकळा होतो. दोघंही खरं बोलत असतात.

एचडी ८२० हे याचं ठळक उदाहरण. वजन ३६० ग्रॅम, पॅड मऊ, कप इतके मोठे की कानाला आतून कुठेच स्पर्श होत नाही. आरामाच्या तुलनेत तो नेहमी वरच्या क्रमांकावर असतो. पण याच मोठ्या कपामुळे पॅडची खालची कड अनेकांच्या जबड्यामागच्या खळग्यावर येते आणि तिथे हवाबंद बसत नाही. म्हणून त्याच्या आवाजाबद्दल इतकी परस्परविरोधी मतं ऐकू येतात.

आलेख काय सांगतात आणि काय लपवतात?

सोशल मीडियावर फिरणारे फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्सचे आलेख सिलिकॉनचे कान लावलेल्या कृत्रिम डोक्यावर मोजलेले असतात. या डोक्याला चष्मा नसतो, केस नसतात, ते पान चघळत नाही. आलेख खोटे नसतात, पण ते हेडफोन सर्वोत्तम परिस्थितीत कसा वाजतो हे दाखवतात. बहुतेक आलेखांवर ‘हर्मन कर्व्ह’ नावाची एक रेषाही असते. हर्मनमधले संशोधक शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी यांनी २०१३ च्या आसपासपासून शेकडो श्रोत्यांवर चाचण्या घेऊन लोकांना हेडफोनचा आवाज कसा आवडतो हे शोधायचा प्रयत्न केला. चांगल्या खोलीत चांगले स्पीकर ऐकताना जसं वाटतं, त्याच्या जवळपास जाणारा आवाज बहुतेकांना आवडतो, असं त्यातून दिसलं. पण पुढच्या विश्लेषणात श्रोत्यांचे तीन गट पडले. सुमारे ६४ टक्के लोकांना ही रेषा पसंत होती, १५ टक्क्यांना त्याहून जास्त बेस हवा होता आणि २१ टक्क्यांना कमी. म्हणजे प्रत्येक तीन माणसांमागे एकाची आवड या रेषेच्या बाहेरची आहे. ‘हर्मनशी जुळत नाही म्हणजे वाईट’ हा कमेंटमधला निष्कर्ष खुद्द हर्मनचं संशोधनही काढत नाही.

किमतीचं काय? संशोधक यरून ब्रेबार्ट यांनी २०१७ मध्ये २८३ हेडफोनची मोजमापं तपासली. किंमत आणि फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स यांच्यात त्यांना कोणताही संबंध आढळला नाही. आता हर्मनच्या घरात जी परिस्थिती झाली आहे ती याच निष्कर्षाचा गमतीशीर नमुना म्हणावी लागेल. एकेजीचा के३७१ हा बंद हेडफोन २०१९ मध्ये साधारण १५० डॉलरला आला, तो हर्मन कर्व्हच्या अगदी जवळ जातो. त्याच कंपनीकडे आता आलेला डेनॉनचा डी९२०० साधारण १६०० डॉलरचा, आणि तो त्या रेषेपासून बराच लांब, फुगवलेल्या बेसचा आणि चमकदार वरच्या सुरांचा आहे. डी९२०० जास्त आरामदायी आहे, त्याचं लाकूडकाम पाहत राहावं असं आहे, अनेकांना त्याचा आवाजही जास्त आवडतो. पण ‘दहापट पैसे म्हणजे दहापट अचूक’ हे गणित इथे लागू होत नाही.

वजनाचा हिशेब

ऑडिझीचा एलसीडी-एक्ससी ६७७ ग्रॅमचा आहे, म्हणजे पाऊण किलोला थोडं कमी. डोक्यावर दोन तास पाऊण किलो साखर ठेवून बसायची कल्पना केली की ६७७ या आकड्याचा अर्थ कळतो. त्यामागे कारण आहे. हा प्लेनार पद्धतीचा हेडफोन आहे. पातळ पडद्याच्या पूर्ण पृष्ठभागावर तारा आणि त्यांच्यासमोर चुंबकांच्या पट्ट्या असतात. मोठा पडदा म्हणजे जास्त चुंबक, आणि चुंबक जड असतात. डॅन क्लार्कने हेच तंत्र स्टेल्थमध्ये ४१५ ग्रॅममध्ये आणि २०२३ च्या ई३ मध्ये ४५५ ग्रॅममध्ये बसवलं. रोमानियाच्या मेझेने ‘लिरिक’ ३९१ ग्रॅमवर आणला. फोकाल स्टेलिया ४३५ ग्रॅमचा, डेनॉन डी९२०० ३७५ ग्रॅमचा.

मात्र केवळ काट्यावरचा आकडा पाहून चालत नाही. वजन रुंद पट्ट्यावर पसरलं तर ४५० ग्रॅमही सुसह्य होतात, एकाच बिंदूवर आलं तर साडेतीनशे ग्रॅमनेही तासाभरात टाळू दुखू लागते. आणि पकड सैल केली की जबड्याला बरं वाटतं, पण हवाबंदपणा जातो, बेस जातो. कानावरचा दाब कमी करणं आणि आवाज टिकवणं ही दोन्ही टोकं एकाच दोरीची आहेत. शोरूममधल्या दहा मिनिटांत यातलं काही कळत नाही. त्या दहा मिनिटांत सगळेच हेडफोन आरामदायी असतात.

घाम, दमट हवा आणि पॅड

युरोप-अमेरिकेतल्या परीक्षणांत जवळजवळ न येणारा मुद्दा मुंबई, कोकण, गोव्यात पहिल्याच उन्हाळ्यात समोर येतो. बंद कपात कान तापतो. अस्सल चामड्याचे किंवा कृत्रिम लेदरचे पॅड हवा अडवतात, म्हणूनच बेस चांगला देतात आणि म्हणूनच घाम आणतात. वेलूरचे म्हणजे मखमली कापडाचे पॅड थंड वाटतात, पण त्यांतून हवा निसटते. छिद्रं पाडलेलं लेदर हा मधला मार्ग. स्वस्त कृत्रिम लेदरमधलं पॉलियुरेथेन दमट हवेत हळूहळू विघटित होतं आणि काळे पापुद्रे कानाला चिकटू लागतात, हे कोणत्याही हेडफोनच्या मालकाला सांगायला नको.

बाजारातले स्वस्तातले पॅड बसवून प्रश्न सुटतो असं वाटतं, पण पॅडची जाडी, फोमचा मऊपणा आणि कापड बदललं की ड्रायव्हर कानापासून किती लांब आहे आणि हवा किती निसटते हे दोन्ही बदलतं. पॅड बदललेला दोन लाखांचा हेडफोन आवाजाच्या दृष्टीने वेगळा हेडफोन असतो.

वायरलेसवाले इथे पुढे का?

या चर्चेतला सगळ्यात अडचणीचा मुद्दा हा आहे. ॲपलच्या एअरपॉड्स मॅक्सच्या कपात आतल्या बाजूलाही मायक्रोफोन आहेत. पॅड नीट बसला आहे की फट आहे, हे ते ऐकतात आणि त्यानुसार आवाज त्या क्षणी दुरुस्त केला जातो. नॉइज कॅन्सलिंग असलेल्या इतर चांगल्या हेडफोनमध्येही आतल्या मायक्रोफोनमुळे बेसची गळती बऱ्याच अंशी भरून निघते. भारतात सुमारे ४० हजारांना मिळणारा सोनीचा डब्ल्यूएच-१०००एक्सएम६ हा याच वर्गातला. ३,९९९ डॉलरच्या, म्हणजे कर न धरताही साडेतीन लाखांच्या घरात जाणाऱ्या स्टेल्थमध्ये यातलं काहीच नाही. तो हवाबंद बसला तर त्याची स्वच्छता आणि बारकावे वायरलेस हेडफोनला गाठणं कठीण. नाही बसला, तर त्याच्याकडे दुसरा उपाय नाही.

बाहेरचा आवाज अडवण्यातही तेच. साधा बंद हेडफोन माणसांची बोलणी, भांड्यांचा आवाज बऱ्यापैकी कमी करतो, पण पंख्याची घरघर किंवा बसच्या इंजिनचा धडधडाट त्याला फारसा अडवता येत नाही. ते काम नॉइज कॅन्सलिंगचं. लोकल ट्रेनसाठी अडीच लाखांचा वायरवाला हेडफोन घेणं म्हणजे पैसे चुकीच्या ठिकाणी घालणं.

गळतीचा एक धोकाही आहे. बेस कमी वाटला की हात आवाज वाढवायला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार ८० डेसिबलवर आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकणं सुरक्षित मानलं जातं आणि दर ३ डेसिबल वाढीमागे ही वेळ निम्मी होते. हरवलेला डग्गा परत मिळवण्यासाठी सहा डेसिबल वाढवले, तर ४० तासांचे १० तास होतात.

मग तुलना करायची तरी कशी?

ओळखीचं, खर्ज भरपूर असलेलं गाणं लावावं. नेहमीचा चष्मा डोळ्यांवर ठेवूनच ऐकावं. मग दोन्ही कप तळव्यांनी हलकेच कानाकडे दाबावेत. बेस एकदम वाढला तर हेडफोन त्या डोक्यावर नीट बसत नाही, त्याचं परीक्षण कितीही गोड असो. काहीच फरक पडला नाही तर निदान पहिला अडथळा पार झाला. त्यानंतर किमान एक तास, मध्येच मान वळवून, काहीतरी चघळून पाहावं. जबडा हलला की फट पडते का, हे तेव्हाच कळतं.

भारतात ही संधी मिळणं अवघड आहे. असे हेडफोन ऐकवणारी दुकानं मोजकी आहेत, २०२२ च्या अर्थसंकल्पात हेडफोनवरचं आयात शुल्क वाढवलं गेलं, त्यावर १८ टक्के जीएसटी. परदेशातल्या नातेवाइकांकडून मागवला तर वॉरंटीचा प्रश्न. त्यामुळे बहुतेक खरेदी व्हिडिओ बघून होते.

ब्रँडची मालकी बदलते तेव्हा ग्राहकाने विचारायचा प्रश्नही यातूनच पुढे येतो. पुढचं मॉडेल हर्मन कर्व्हला जुळेल का, डेनॉनचा बेस कमी होईल का, यावर चर्चा भरपूर होईल. ज्यांनी डी९२०० आधीच घेतला आहे त्यांच्या दृष्टीने महत्त्वाचं असेल ते पाच वर्षांनी त्याच मापाचे, त्याच फोमचे मूळ पॅड मिळतात की नाही, आणि ते भारतात किती रुपयांना मिळतात.