भुकेने घडवलेले घड्याळ

आमच्या शिक्रापुरातले एक स्नेही नवे घर सजवीत आहेत. दिवाणखान्यात स्वीडनचे जुने, रंगवलेले, पुरुषभर उंचीचे घड्याळ उभे करायचे, हा त्यांचा ध्यास. चित्र पाहिले, घड्याळ ऐटदार खरे! वर गोल चेहरा, खाली अरुंद मान नि सुटलेले पोट. पण वाचकहो, हे पोट भुकेच्या दिवसांत जन्मले.

दालार्ना प्रांतातला मोरा हा शेतकऱ्यांचा मुलूख. अठराव्या शतकाच्या अखेरीस पिके बुडू लागली, तेव्हा तिथल्या कुटुंबांनी घड्याळांचा जोडधंदा धरला. एका घरी एक भाग, दुसऱ्या घरी दुसरा, अशी कामाची वाटणी. सेकंदाला एक झोका घेणारा लंबक जवळजवळ एक मीटर लांब लागतो. म्हणून पेटी उंच, आणि त्याला झुलायला जागा हवी म्हणून पोट! लाकूड साधे पाइनचे, त्यावर रंग. पुढे एकोणिसाव्या शतकात अमेरिकन कारखान्यांची स्वस्त घड्याळे आली आणि धंदा बसला. आपल्याकडच्या कित्येक वाड्यांत टोले देणारी अमेरिकन घड्याळे त्यांचीच भावंडे.

शिरूर तालुकाही अवर्षणाचाच. १८७६-७८ च्या दुष्काळात दख्खनच्या शेतकऱ्याच्या हाती खडी फोडायचा हातोडा आला. मोराकरांच्या हाती कसब आले.

तिथे पुष्कळ गिऱ्हाइके नुसते यंत्र विकत घेत आणि पेटी आपल्या गावच्या सुताराकडून करवीत. स्नेह्यांना मी तेच सुचवले आहे. यंत्र खुशाल परदेशचे आणा. पेटीचे काम मात्र इथल्या सुताराला द्या. दिवाळी त्याच्याही घरी आहे!