दोन मिनिटांचे अंतर

आमच्या अमौसीत डोंगर नाही. टेकडी नाही, साधा उंचवटाही नाही. लखनौ शहर समुद्रसपाटीपासून जेमतेम सव्वाशे मीटर उंचीवर, आणि विमानतळाच्या भिंतीपासून कानपूर रस्त्यापर्यंतचा आमचा परिसर तर ताटासारखा सपाट. अशा ठिकाणी राहून कुणी हिमाचलातल्या डोंगरी सायकल शर्यतीची तयारी करू लागला, तर लोकांनी हसू नये तर काय करावे? कोपऱ्यावरचा दूधवाला पहिल्याच दिवशी म्हणाला, "साहब, पहाड़ तो यहाँ है नहीं, चढ़ेंगे किस पर?"

चढायला मिळाला तो उड्डाणपूल. पहाटे साडेचारला, ट्रकांची वर्दळ वाढण्याआधी, एकाच पुलावर वीस वेळा वर आणि वीस वेळा खाली! गस्तीवरच्या हवालदाराने दोनदा थांबवून चौकशी केली. तिसऱ्या वेळी मात्र त्याने हात हलवून शुभेच्छा दिल्या.

वाचकहो, ही शर्यत म्हणजे एका दमात संपणारा प्रकार नव्हे. हिमाचलात २००५ सालापासून अशा अनेक दिवसांच्या माउंटन बाइक शर्यती होत आल्या आहेत. रोज एक टप्पा. दगडगोट्यांची वाट, चिखल, ओढे, देवदाराच्या जंगलातले चढ. संध्याकाळी तंबूत मुक्काम आणि सकाळी दुखऱ्या पायांनी पुन्हा सीटवर. पहिल्या दिवशी कुणीही जोर दाखवू शकतो. खरी परीक्षा तिसऱ्या-चौथ्या दिवसाची असते. म्हणूनच तयारीतही एकच मोठी फेरी मारून भागत नाही. शनिवारी चार तास आणि रविवारी पुन्हा चार तास, अशी लागोपाठ दोन दिवस सायकल चालवावी लागते. थकलेल्या पायांना थकूनही चालण्याची सवय लागते ती अशीच.

आता शनिवार-रविवार म्हणजे काय, हे संसारी माणसाला सांगायला नको. आठवड्याचा बाजार, मुलीचा गृहपाठ, आईच्या गुडघ्याचे डॉक्टर, गॅसची नोंदणी, आणि झालेच तर कुणाकडे तरी सत्यनारायण. माझी पत्नी शाळेत शिक्षिका आहे. तिलाही सुटी रविवारचीच. त्यातले आठ तास मी उचलून सायकलीच्या खोगिरावर ठेवत होतो आणि 'व्यायामच तर करतो, दारू-सिगारेट थोडीच करतो!' अशी स्वतःची समजूत घालत होतो.

उदाहरणेही मी थोर-थोरांची देत असे. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे बंधू. दोघेही डॉक्टर, म्हणजे रुग्ण आणि संसार दोन्ही सांभाळणारे. २०१५ साली त्यांनी दोघांच्या संघातून 'रेस अक्रॉस अमेरिका' ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत पूर्ण केली. २०१७ साली नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी तीच शर्यत एकट्याने, बारा दिवसांच्या मुदतीत संपवली. ती शर्यत डांबरी रस्त्यावरची, माझी कच्च्या वाटेवरची. पण नोकरी-धंदा करणाऱ्या मराठी माणसालाही हे जमते, एवढे घरात ठसवायला मला ती पुरत होती. एक गोष्ट मात्र मी सोयीस्करपणे विसरत होतो. त्या शर्यतीत 'एकटा' म्हणवणारा स्वारही एकटा नसतो. त्याच्यामागे रात्रंदिवस गाडी असते आणि तीत खाणेपिणे, औषधे, नकाशा अन् झोपेचे वेळापत्रक सांभाळणारी माणसे असतात. माझ्यामागची अशी गाडी कोण चालवत होते?

उत्तर जुलैतल्या एका शनिवारी मिळाले. कानपूर रस्त्याने नवाबगंजच्या पक्षी अभयारण्यापर्यंत जाऊन परत यायचे, असा त्या दिवशीचा बेत होता. जाऊन-येऊन साठेक किलोमीटर आणि वर कालव्याकडची कच्ची वाट. मोबाइल पाठीच्या खिशात, आवाज बंद. अभयारण्याशी पोचून चहा घेतला, चिक्की खाल्ली, पावसाने धुतलेली झाडे पाहिली. घरी परतायला साडेदहा झाले. दारातच आई म्हणाली, "अरे, होतास कुठे? पोर तापाने फणफणलीय."

पहाटे सहाला मुलीचा ताप एकशे तीनवर गेला होता. पत्नीने मला सात वेळा फोन केला. आठव्यांदा न करता तिने शाळेत रजा कळवली, मुलीला शालीत गुंडाळले आणि भर पावसात ऑटो गाठून डॉक्टरांकडे नेले. मी आलो तेव्हा औषध घेऊन मुलगी झोपली होती. पत्नी तिच्या कपाळावरची पट्टी बदलत होती. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरे वाटले असते. एवढेच म्हणाली, "अहो, तुम्ही शर्यतीत नाव घातलेत ते ठीक. पण मला न विचारता माझेही घातलेत."

त्या रात्री मी शर्यतीचे नाव मागे घेण्याचा अर्ज लिहायला बसलो. पत्नीने तो बाजूला सरकवला. "सोडायचे नाही. सोडलेत तर वर्षभर तोंड पाडून बसाल, आणि ते आम्हालाच सोसावे लागेल. पण असे नाही, नीट करायचे."

तेव्हा मला दक्षिण आफ्रिकेतल्या 'केप एपिक' शर्यतीची आठवण झाली. २००४ साली सुरू झालेली ही आठ दिवसांची डोंगरी शर्यत जोडीने धावायची असते. तिचा एक नियम आहे : जोडीतल्या दोघांमध्ये दोन मिनिटांपेक्षा जास्त अंतर पडता कामा नये. पडले तर दंड. म्हणजे तगड्या गड्याने पुढे पळून उपयोग नाही; मागच्याचा दम ओळखून वेग धरायचा. हा नियम मी पत्नीला सांगितला. ती म्हणाली, "मग आपल्यात किती पडले होते?" मी हिशेब केला. साडेचार तास.

दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर आम्ही दोघांनी मिळून खुणा केल्या. आधी तिच्या परीक्षा, पालकसभा, आईच्या तपासण्या, मुलीचा वाढदिवस. उरलेल्या चौकटीत माझी सायकल. महिन्यातून दोनच लांब शनिवार-रविवार. बाकी दिवशी पहाटे सव्वा तास आणि साडेसहाला घरात हजर. फोनचा आवाज चालू. कुठल्या वाटेने जाणार ते फ्रिजवर लिहून ठेवायचे. माझ्या दोन रविवारांच्या बदल्यात एक रविवार पूर्ण तिचा : त्या दिवशी स्वयंपाक, बाजार, गृहपाठ सारे माझ्याकडे. आणि आठ दिवसांच्या शर्यतीऐवजी यंदा चार दिवसांचीच. हे शेवटचे कलम मला जड गेले, हे कबूल करतो.

नवल असे की तयारी बिघडली नाही, उलट सुधारली. वेळ थोडा असला की माणूस तो वाया घालवत नाही. पुलावरच्या चढाला आता मी जड गिअर टाकून सावकाश, बसूनच चढतो. डोंगराचा लांब चढ पायांना तसाच लागतो. पाऊस जास्त असला की गॅलरीत सायकल स्टँडवर चढवून पाऊण तास. खाण्यासाठी बाजारातल्या महागड्या पुड्यांऐवजी आईने केलेले शेंगदाणा-गुळाचे लाडू, खजूर आणि इथले सातू. भूक लागायची वाट न पाहता दर अर्ध्या तासाने थोडे थोडे खायचे. पंक्चर काढणे, तुटलेली चेन जोडणे, ब्रेकचे पॅड बदलणे हे मुलीला शेजारी बसवून शिकलो. आता चेनची कडी माझ्या आधी तिलाच सापडते.

सपाटीवर एक गोष्ट मात्र शिकता येत नाही, ती म्हणजे उतार आणि उंची. म्हणून शर्यतीच्या तीन दिवस आधी पोचायचे ठरवले आहे. अडीच हजार मीटरच्या वर हवा विरळ होते. डोके दुखू लागले, मळमळले, तर हट्टाने वर चढायचे नाही. पस्तिशी ओलांडलेल्यांनी तर अशा फंदात पडण्याआधी डॉक्टरांकडून हृदयाची तपासणी करून घ्यावी. ती मीही केली. आईने सोबत येऊन कागद स्वतः पाहिला, तेव्हाच तिचा जीव भांड्यात पडला.

आपल्या घरातही कुणी गाण्याच्या, कुणी स्पर्धा परीक्षेच्या, कुणी आणखी कशाच्या तयारीत असेल. छंद जोपासावा, जरूर जोपासावा. फक्त अधूनमधून मागे वळून पाहावे, की जोडीदार किती अंतरावर आहे. आणि हे त्याला किंवा तिलाच विचारावे. आपला अंदाज नेहमी आपल्या सोयीचा असतो.

शर्यतीला सहा आठवडे उरलेत. गेल्या रविवारी मी निघालो तेव्हा मुलगी आपली छोटी सायकल घेऊन दुधाच्या दुकानापर्यंत सोबत आली. तिथे उतरून म्हणाली, "बाबा, इथून पुढे तुम्ही जा. पण साडेसहाला या हं. आईची आज सुटी आहे." दूधवाला हसत होता. मी घड्याळ पाहिले आणि पुलाच्या दिशेने वळलो.