गाडीवरची चिलापी

इंदापूरच्या एस्टी स्टँडाबाहेर उभ्यानं चिलापी खाल्ली. संपादकीयात खाण्याचं काय लिहितो, असं ज्याला वाटतं त्यानं पान उलटावं. आमच्या बापजाद्यांना शब्दाच्या आधी भाकरीनंच मारलंय.

चिलापी म्हणजे उजनीच्या पाण्यातला मासा. 1980 साली भीमेवरचं उजनी धरण पुरं झालं. इंदापूर तालुक्यातली गावं पाण्यात गेली, पळसदेवचं जुनं देऊळही बुडालं. दुष्काळात पाणी हटलं की देऊळ वर येतं, पेपरात फोटो येतात. बुडालेल्या महारवाड्याचा फोटो काढायला कुणी होडी करत नाही. असो. त्या पाण्यात आता चिलापी मायंदाळ. मासा मूळचा आफ्रिकेतला, भारतात आणला 1952 साली. मसाल्यातली मिरची अमेरिका खंडातली, पोर्तुगिजांच्या जहाजातून आलेली. मी गोदीत माल उचलतो, जहाजातून काय काय उतरतं ते मला सांगू नका. बांधावरचा मकासुद्धा मेक्सिकोचा. तिकडं मका चुन्याच्या पाण्यात शिजवतात, वाटतात, पातळ भाकरी करतात, दुमडून आत मटण, मासळी, कांदा, मिरची भरतात. त्याला टाको म्हणतात. तिकडचा कामगार तो गाडीपाशी उभ्यानं खातो, मुंबईत तोच टाको काचेच्या हॉटेलात खुर्चीवर बसलाय. मी ज्वारीच्या भाकरीत चिलापी दुमडली, काटा काढला. झाला आमचा टाको.

मासा परका, मिरची परकी. त्यांना जात कुणी विचारत नाही. विचारतात तव्यापुढच्या हाताला.

गाडीवाला आमच्याच वस्तीतला. गाडीवर रंगवलंय ‘जय मल्हार’. मी म्हटलं, “आरं, बाबासाहेबांचा फोटो कुठाय?” तो खाली वाकला, पिठाच्या डब्याचं झाकण उचललं. झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलेला.

“गिऱ्हाईक आधी आडनाव इचारतं, मग मासा. सहा म्हैने निळा झेंडा लावला हुता. तवा तापायचा, मासा उरायचा. तुझं काय, चार दिसांनी मुंबईला जाशील.”

राग आला. शिवीही आली तोंडात. तेवढ्यात शेजारी खाणाऱ्या पांढऱ्या टोपीनं विचारलं, “पाव्हणं कुठलं?” गाव सांगितलं. “कुणापैकी?”

दोस्तांनो, सभेत माइक फोडणारा मी, कवी, मॅट्रिक पास, म्हणालो, “मुंबईलाच असतो मी.” आणि घास गिळला, काट्यासकट. आता मला भित्रा म्हणा. पण फ्लॅट भाड्यानं घेताना तुम्ही काय सांगता, तेही एकदा मोठ्यानं म्हणा.

माझ्या आज्याची कपबशी हॉटेलाबाहेर खिळ्याला असायची. पिऊन धुवायची, परत अडकवायची. 20 मार्च 1927 ला महाडात बाबासाहेबांनी तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. 1950 च्या घटनेत कलम 15 नं दुकानं, हॉटेलं खुली केली, 1955 च्या कायद्यानं अडवणाऱ्याला शिक्षा ठेवली. हे सगळं आम्ही गिऱ्हाईक असताना. आता आम्ही विकायला उभे आहोत. आर्थिक बहिष्कार 2015 च्या दुरुस्तीनं अॅट्रॉसिटी कायद्यात आला, खरंय. पण एकेक गिऱ्हाईक गुपचूप पुढच्या गाडीवर गेलं तर फिर्याद कुणावर लावायची?

वर गाडी उचलून नेण्याची धास्ती. 2014 चा फेरीवाल्यांचा कायदा म्हणतो, सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रं दिल्याशिवाय कुणाला हटवू नका. नगर पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के निवडून आलेले फेरीवालेच हवेत, त्यांत दलित, आदिवासी, बायका हव्यात. आपापल्या गावात ही समिती आहे का, तिच्यात आपलं कोण आहे, हे जाऊन विचारा. कविता नंतर वाचू. गाडीवाल्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, “कागद आण.” मी तोंडी भाषण दिलं होतं, कागद नव्हता. पुढच्या खेपेला कायद्याची मराठी प्रत नेणार आहे.

अंकाच्या पंचवीस प्रती त्याच्याकडं ठेवायला दिल्या. म्हणाला, “झाकून ठेव.” ठेवल्या, पिठाच्या डब्याखाली. पैसे घेत नव्हता, जबरदस्तीनं दिले. एस्टी लागली तेव्हा पांढरी टोपी दुसरी चिलापी मागत होती.